धारवाडची भिंत, चोर्ल्याची वाट
बेळगाव-निपाणीकडच्या जुन्या माणसांत ‘ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे’ एवढं म्हटलं, की पुढचं सांगावं लागत नसे. धारवाडचं वेड्यांचं इस्पितळ १८४५ सालचं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. त्याआधी बेळगाव आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे मुंबईच्याच कारभारात होते.

पण तिथे माणूस पोचायचा तो हाताबाहेर गेल्यावर. तंबाखूच्या वखारीत काम करता करता हात थांबलेली, अन्नावरची वासना उडालेली, गप्प बसलेली बाई आजारी धरलीच जात नव्हती. तिच्यासाठी अंगारा, देवऋषी आणि सौंदत्तीची यल्लम्मा. केसात जट आली, तर ते देवीचं बोलावणं. ती कापायची नाही, भंडारा लावून जपायची. अंगात आलं, की हीच बाई सासूला चारचौघांत चार गोष्टी सुनवू शके आणि वर लोक तिच्या पाया पडत. मनातलं बोलायची सोय होती म्हणायची, फक्त ती देवीच्या नावावर.

लैंगिक काळजीला तेवढाही आडोसा नव्हता. तो दिला र. धों. कर्वे यांनी, पोस्टातून. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. वाचकांनी चोरून विचारलेल्या प्रश्नांना ते छापून उत्तर देत, तेही आडपडदा न ठेवता. हस्तमैथुनाने शरीराची हानी होते ही समजूत त्यांनी खोडून काढली. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटल्यात हार झाली, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ पर्यंत, कर्वे जाईपर्यंत, चालू राहिलं.

अपराधभाव वेगळा आणि आजार वेगळा, ही कर्व्यांची भूमिका वैद्यकाच्या पुस्तकात यायला फार वर्षं गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या यादीत अनिवार लैंगिक वर्तनाची नोंद आहे. ताबा सुटलेला असला पाहिजे, तो बराच काळ, साधारण सहा महिने किंवा जास्त सुटलेला असला पाहिजे आणि त्यात घरदार, कामधंदा यांची आबाळ किंवा तीव्र मनस्ताप झालेला असला पाहिजे. नुसतं ‘हे पाप आहे’ म्हणून जीव कासावीस होत असेल, तर तो हा आजार नव्हे.

वखारीतल्या त्या बाईसारख्या नैराश्यावरच्या बोलण्याच्या उपचाराचा पक्का पुरावा बेळगावहून चोर्ला घाट उतरलं की मिळतो. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने दहा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९३ रुग्णांवर चाचणी केली. समुपदेशक मानसतज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. सहा ते आठ बैठका. काल दिवसभर काय केलं, कशाने जरा बरं वाटलं, उद्या त्यातलं काय करणार, असं बोलणं. मन लागलं की कामाला लागू, हा क्रम इथे उलटा. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के.

अनिवार लैंगिक वर्तनात काम दुसऱ्या टोकाने सुरू होतं. ओढ कधी लागते? रात्री, एकटेपणी, भांडण झाल्यावर, हातात मोबाइल असताना? ती उठली तरी तिच्यामागे न जाता ओसरू द्यायची, याचा सराव करायचा. स्वीडनमध्ये १३७ पुरुषांवर सात आठवड्यांच्या गटउपचाराची चाचणी झाली, तिचे निकाल २०१९ मध्ये आले. लक्षणं कमी झाली होती. पुरावा आशादायक, पण गोव्याच्या मानाने अजून पातळ. शिवाय हे दोन त्रास पुष्कळदा एकाच माणसाच्या अंगावर येतात. अशा वेळी नुसती सवय मोडायला गेलं आणि खालची उदासी तशीच राहिली, तर सवय परत डोकं वर काढू शकते.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. बोलणं हेच औषध असेल, तर ते कोणत्या भाषेत? निपाणीचा माणूस मराठीत रडतो आणि सरकारी कागद कन्नडमध्ये भरतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सेवेला १४४१६ वर फोन लावला, की आधी भाषा निवडायची असते. त्या यादीत कन्नडही आहे, मराठीही आहे.