मिलानचा ठराव
इ. स. १८८० मध्यें मिलान येथें बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. खुणांची भाषा वर्ज्य करून मुलांस ओठांनींच बोलावयास शिकवावें, असें तिनें ठरविलें. १६४ प्रतिनिधींत बधिर मात्र अवघा एक! पुढें पांचएक वर्षांनीं बिशप म्यूरिन यांच्या पुढाकारानें मुंबईंत देशांतील पहिली बधिरशाळा निघाली. परदेशांतून शाळा आली, तशी खुणांविषयींची अढीहि आली. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत. तेथील बापास मुंबई म्हणजे परमुलूखच.

१९५१ मध्यें रोम येथें बधिरांचा जागतिक महासंघ स्थापन झाला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारानें खुणांस भाषा म्हटलें. भारतानें तो २००७ मध्यें स्वीकारला. मिलानचे ठराव फेटाळले गेले ते २०१० मध्यें, व्हँकुव्हर येथें. तोंवर बीडच्या घरोघरीं बधिर मुलें आईजवळ खुणेनेंच भाकर मागत आलीं होतीं.