दूरचित्रवाणीची वर्गणी

नवा, मोठ्या पडद्याचा संच घ्यावा काय आणि केबलची मासिक वर्गणी चालू ठेवावी काय, हा प्रश्न वडोदऱ्यातील अनेक घरांप्रमाणे आमच्याही घरी निघाला आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या यंत्रापायी आपण आजवर कोणास व कशासाठी पैसे दिले, हे पाहणे आम्हांस इष्ट वाटते.

आपल्या भागात हे यंत्र प्रथम घरासाठी आलेच नाही. शेजारच्या खेडा जिल्ह्यात, पीज या गावी, १९७५ साली प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा गावोगावचे संच सामायिक जागी ठेवलेले असत. स्वतःच्या घरी संच ठेवणारास १८८५ च्या तार कायद्यान्वये परवाना काढून त्याचे शुल्क पोस्टात भरावे लागे. म्हणजे पैसे सरकारास द्यावयाचे आणि काय पाहावे हेही सरकारनेच ठरवावयाचे! ती पद्धत यथावकाश बंद झाली.

पुढे २५ जानेवारी १९८७ रोजी, रविवारी सकाळी, रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले. लोक स्नान करून संचापुढे बसत, त्यास हार घालीत, उदबत्ती लावीत. वर्गणी एका पैचीही नव्हती. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत तर वडोदऱ्याने सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया यांस निवडून दिले. देवळात पुराण ऐकत आलेल्या समाजाने पडद्यावरील सीतेस दिलेला तो कौल उचित होता की नाही, याचा निवाडा आम्ही करीत नाही.

त्याच वर्षी आखाती युद्धाची दृश्ये दाखवीत परदेशी उपग्रहवाहिन्या भारतात आल्या. एका गच्चीवर तबकडी आणि तेथून घरोघर तारा, असा हा धंदा वाढला. त्यासाठी कायदा झाला तो १९९५ साली. मराठी घरांच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे वर्ष १९९९. तोवर अहमदाबादहून गुजराती येई, दिल्लीहून हिंदी येई. मुंबईचे मराठी कार्यक्रम घरच्या ॲण्टेनावर येथवर पोहोचत नसत. अल्फा मराठी (आजची झी मराठी) सुरू झाली आणि गायकवाडी अमलापासून येथे राहिलेल्या कुटुंबांत, जेथे नातवंडे आपसांत गुजराती बोलतात, तेथे रोज संध्याकाळी मराठी ऐकू येऊ लागली. त्या वर्गणीस आम्ही उधळपट्टी म्हणणार नाही.

पण १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनी ग्राहकास वाहिन्या निवडून घेण्याचा हक्क दिला. शंभर वाहिन्यांच्या जोडणीस १३० रुपये व कर ही त्या वेळची कमाल मर्यादा. सशुल्क वाहिन्यांचे दाम वेगळे. हा हक्क वापरणारे थोडेच. बहुतेक जण केबलवाला देईल ती जुडी मुकाट्याने घेतात. शिवाय दूरदर्शनची २००४ साली सुरू झालेली बिनवर्गणीची तबकडीसेवा आहे आणि तीवर सह्याद्री ही मराठी वाहिनी दिसते.

पडदा मोठा केल्याने मराठी अधिक ऐकू येते असे नाही. तेव्हा आमचा जुना संच चालेल तोवर चालेल. बिनवर्गणीची तबकडी बसवावी असे आमचे मत होते. मातोश्रींस त्यांची संध्याकाळची मालिका सोडवत नाही. सबब केबल ठेवली आहे, आणि यादीतील किती वाहिन्यांवर काट मारावयाची याचा वाद सध्या घरात चालू आहे.