कबुलीजबाबाची कथा

माणसाकडून सत्य कसे काढून घ्यावयाचे, हा प्रश्न न्यायसंस्थेइतकाच जुना आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत रवादिव्याची वर्णने आढळतात. तापलेल्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, हात पिशवीत बांधून तीवर मोहोर करावयाची, आणि नेमल्या दिवशी पिशवी सोडून कातडी पाहावयाची. हात निर्दोष, तर माणूस खरा. देवाला साक्षी ठेवून हा विधी होई. त्यामागील श्रद्धा खोटी होती असे म्हणवत नाही. परंतु ज्याच्यावर दिव्याची पाळी येई, त्याच्याच देहाला त्यात साक्षीस उभे केले जाई, हेही नाकारता येत नाही.

गोमंतकात १५६० साली स्थापन झालेल्या व मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत टिकलेल्या इन्क्विझिशनने या छळाला दप्तरी शिस्त आणली. आरोप काय, हे आरोपीस सांगावयाचे नाही. साक्षीदारांची नावे गुप्त ठेवावयाची. आणि 'तूच आपले पाप आठवून कबूल कर' असा आग्रह धरावयाचा. डेलन नावाच्या फ्रेंच वैद्याने स्वतः भोगलेली ही पद्धती १६८७ मध्ये ग्रंथरूपाने जगापुढे मांडली. ज्यांच्या पूर्वजांनी आपले देव नदीपार अंत्रुज महालात नेले, त्यांना तिचे मर्म निराळे सांगावयास नको.

इंग्रजी अमलातही हा रोग होताच. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी आणि गुन्हा कबूल करविण्यासाठी छळ होतो, हे सरकारी चौकशी आयोगानेच १८५५ मध्ये नमूद केले. पुढे १८६१ च्या फौजदारी कायद्याने पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून अग्राह्य ठरविला. तेच तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात गेले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही ते कायम आहे. अपवाद एवढाच की, ताब्यातील आरोपीच्या सांगण्यावरून काही वस्तू सापडली, तर त्या शोधाशी निगडित तेवढेच विधान ग्राह्य होते.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद २० ने, कोणाही आरोपीस स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, असे जाहीर केले. बोटांचे ठसे देणे या संरक्षणात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दिला. नंदिनी सत्पथी यांच्या १९७८ च्या खटल्यात, हे संरक्षण पोलिसी चौकशीच्या वेळीही लागू आहे, असे ठरले. आणि २०१० मध्ये, संमतीवाचून गुंगीचे औषध देऊन जबाब घेणे घटनाबाह्य ठरले. दिव्याचे हे नवे रूपही अशा रीतीने निषिद्ध झाले.

हा इतिहास देवस्थानांच्या दाराशी येतो तो चोरीच्या प्रसंगी. दागिना नाहीसा होताच पहिला संशय पुजाऱ्यावर, देवळ्यावर, राखणदारावर जातो. अशा वेळी महाजनांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पोलिसांनी रीतसर बोलाविल्यास गेले पाहिजे आणि खोटे बोलता कामा नये. परंतु ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात गोवले जाऊ, ते न देण्याची मुभा आहे. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करावयाची नसते. साक्षीदार म्हणून बोलाविताना स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुलगे, साठीवरील पुरुष, अपंग व गंभीर आजारी यांना ठाण्यावर येण्याची सक्ती नाही. अटक झाल्यास कारण कळले पाहिजे, आप्तांस खबर गेली पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. चौकशीच्या सर्व वेळी नव्हे, तरी मध्ये वकिलाची भेट घेण्याचा अधिकार अटकेतील व्यक्तीस आहे.

मौन म्हणजे कबुली, हा समज आपल्या समाजात खोल रुजला आहे. राखणदार गप्प बसला की 'नाहीतर बोलला असता' असे आपणच म्हणतो, आणि कायद्याने दिलेली ढाल लोकनिंदेने काढून घेतो. समितीने ठराव करून गरीब सेवकास वकील मिळवून द्यावा. तो दोषी ठरल्यास शिक्षा होईलच. पण मारून मुटकून मिळविलेल्या कबुलीवर देवाचा दागिना परत आला, तर तो कोणत्या तोंडाने मूर्तीवर चढवावयाचा?