मधुमेह, डोळ्याचा पडदा आणि एक यादी

“पेपर चष्म्याशिवाय वाचतो, मग डोळे कशाला तपासायचे?” मधुमेह असलेले अनेक जण मला हे विचारतात. याचं उत्तर थोडं मागे जाऊन द्यावं लागेल.

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याचा आतला पडदा, म्हणजे रेटिना, पाहण्याचं यंत्र जगापुढे ठेवलं. काही वर्षांतच व्हिएन्नाच्या येगर यांनी एका मधुमेही रुग्णाच्या पडद्यावरचे बदल नोंदवले. ते मधुमेहामुळेच का, यावर तज्ज्ञांचा वाद मात्र बराच काळ चालला. १९२२ मध्ये इन्सुलिन आलं, रुग्ण वर्षानुवर्षं जगू लागले, आणि तेव्हा कुठे या आजाराने येणारं अंधत्व ठळकपणे दिसायला लागलं.

उपाय? १९५३ मध्ये, पिट्युटरी ग्रंथी निकामी झालेल्या एका मधुमेही बाईचा पडदा सुधारल्याची नोंद प्रसिद्ध झाली. त्यानंतर काही वर्षं नजर वाचवण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेली ही ग्रंथीच काढून टाकत किंवा निकामी करत! आज अंगावर काटा येतो, पण दुसरं हाताशी काही नव्हतं.

खरी वाट दाखवली ती १९४५ च्या सूर्यग्रहणाने. ग्रहण पाहताना पडदा भाजलेला एक विद्यार्थी जर्मनीतल्या डॉ. मेयर-श्विकेराथ यांच्याकडे आला. प्रकाशाने पडद्यावर व्रण पडतो, तर तोच उपचारासाठी का वापरू नये? त्यांनी आधी चक्क सूर्यकिरण वापरले, मग झेनॉनचा दिवा. १९६० नंतर लेसर आला. अमेरिकेत १७०० हून अधिक मधुमेही रुग्णांच्या एका डोळ्यावर अशा प्रकाशाचा उपचार केला, दुसरा तसाच ठेवला. १९७६ मध्ये निकाल आला: उपचार केलेल्या डोळ्यांत नजर गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं.

पण लेसर असलेली नजर टिकवतो. गेलेली सहसा परत आणत नाही. आणि पडद्यावर नाजूक, रक्त गळू शकणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या उगवल्या तरी दुखत नाही, पेपरही नीट वाचता येतो. म्हणजे तक्रार नसतानाच माणसाला बोलवायला हवं.

इंग्लंडने २००३ पासून तेच केलं. फॅमिली डॉक्टरकडच्या मधुमेहींच्या यादीतून नावं घ्यायची, बारा वर्षांपुढच्या प्रत्येकाला दरवर्षी पत्र धाडायचं, पडद्याचा फोटो काढायचा. मला या सगळ्या कथेत ती साधी यादीच सर्वांत मोलाची वाटते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, इंग्लंड-वेल्समध्ये कामकरी वयातल्या अंधत्वाचं पहिलं कारण आता हा आजार उरला नव्हता. किमान पाच दशकांत हे प्रथमच घडलं. साखरेचं सुधारलेलं नियंत्रणही त्यामागे असावं.

आपल्याकडे असं पत्र घरी येत नाही. टाइप २ असेल तर निदान होताच, टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत, आणि पुढे दरवर्षी पडदा तपासून घ्या. गरोदरपणात तर सुरुवातीलाच. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवायला कुणाला तरी सोबत न्या.