मसाल्याची वंशावळ

मसाला हा विषय स्मरणिकेच्या गंभीर पृष्ठांस शोभणारा नव्हे, असे काही ज्ञातिबांधवांस वाटण्याचा संभव आहे. कुलवृत्तान्त, देवस्थाने, सनदा यांविषयी आपण हौसेने लिहितो; परंतु ज्याच्या वासावरून घर ओळखावे त्या मसाल्याविषयी ‘पूर्वापार असाच चालत आला आहे’ एवढे बोलून मोकळे होतो. या विधानाची थोडी छाननी करण्याचे आम्ही योजिले आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मांसाचे नाना प्रकार त्यात आहेत. उडदाच्या पिठाच्या इडरिकांस मिरपूड, जिरे व हिंग लावण्यास सांगितले आहे. राजाच्या पाकशाळेत तिखटपणा होता तो मिऱ्याचा, आल्याचा, मोहरीचा. मिरची तेथे नाही आणि असणे शक्यही नव्हते, कारण ती मूळची अमेरिकेची. कोलंबस 1492 साली त्या खंडाकडे पोहोचला, वास्को द गामा 1498 साली कालिकतास आला आणि 1510 साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले. त्यांच्याच व्यापारातून सोळाव्या शतकात मिरची आपल्या किनाऱ्यास लागली. दत्तक आलेल्या मुलाने घराण्याचे आडनाव लावावे, त्याप्रमाणे तिने मिऱ्याचेच नाव घेतले, आणि पुढे मिऱ्यालाच घरातून जवळजवळ बाहेर काढले! याचे कारण उघड आहे. मिऱ्याच्या वेलास दमट हवा व सावली लागे. देशावरच्या कुणब्यास तो विकतच घ्यावा लागे. मिरची परसातही येते, उन्हात वाळवली की वर्षभर टिकते. गरिबाच्या भाकरीस तिखट मिळाले ते तिच्यामुळे. ती परकी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

तथापि मसाल्याचा खरा गंध मिरचीचा नव्हे. गोड्या मसाल्यातील दगडफूल हे फूलच नव्हे; खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढणारे ते शैवालासारखे शेवाळी पापुद्रे होत. संस्कृतात त्यास शैलेय म्हणतात. कच्चे हुंगले तर त्यात विशेष काही जाणवत नाही. तेलावर परतताच त्याचा वास घरभर होतो. तमालपत्राचा व्यापार तर रोमन साम्राज्यापर्यंत चाले. कोकणात बांगड्याच्या आमटीत तिरफळ पडते. वाळलेल्या फळातील काळे बी टाकून केवळ साल घ्यावयाची, तीही वाटावयाची नाही, किंचित ठेचून रसात सोडावयाची. वाटल्यास कडवटपणा उतरतो. जिभेस बधिर करणारा तिचा झणका ज्यास आवडत नाही त्याने बांगडा खाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता लेखी पुराव्याविषयी. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ रचिले. 1875 साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ मराठीत छापले गेले. दोघेही पुरुष! स्वयंपाकघराचा कारभार ज्यांच्या हाती होता त्यांच्या लेखणीसाठी बराच काळ वाट पाहावी लागली. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ 1910 साली निघाले. तोवरची सारी विद्या सासूच्या मुठीतून सुनेच्या मुठीत गेली. ‘धणे घे ओंजळभर, दगडफूल चिमटीभर’ हेच तिचे प्रमाण. आणि मूठ कोणाची, हे कोठेही लिहिलेले नसे. आमच्या पाहण्यातील कित्येक घरांत ती मूठ आता राहिली नाही. पुडीतला मसाला आला आणि उखळ अंगणात तुळशीशेजारी उपडे पडले.

म्हणून या अंकाच्या वाचकांस आमची विनंती आहे की, ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेली आजी किंवा मावशी असेल त्यांनी येत्या वैशाखात मिरच्या वाळत पडतील तेव्हा तराजू घेऊन तिच्याशेजारी बसावे. तिने मूठ भरली की ती पात्रात न पडता आधी पारड्यात पडावी आणि वजन वहीत टिपून घ्यावे. खोबरे किती तांबूस भाजले, तीळ आधी की धणे आधी, दगडफूल कोणत्या क्षणी तेलात गेले, हेही विचारावे. ती प्रथम हसेल, मग रागावेल, आणि नंतर सांगू लागेल.