हाडे, ओझे आणि विश्रांती

वर्गात सांगाडा दाखवताना आपण हाडांना शरीराचे खांब म्हणतो. उपमा सोयीची आहे, पण फसवी. खांब एकदा उभारला की तसाच राहतो. हाड मात्र जन्मभर थोडे थोडे झिजवले आणि पुन्हा बांधले जात असते. किती बांधायचे, हे त्यावर पडणाऱ्या भारावरही ठरते.

1866 च्या सुमारास झुरिक येथे शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फोन मायर यांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला. त्यातली जाळी पाहून अभियंते कार्ल कुलमान यांना क्रेनमधील ताणाच्या व दाबाच्या रेषा आठवल्या. हाच धागा धरून जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी 1892 मध्ये नियम मांडला : भार बदलला की हाडाची घडण बदलते. त्यांचे गणित पुढे टिकले नाही, मूळ कल्पना टिकली.

तरीही आजाऱ्याला खाटेवर निजवून ठेवणे हे औषधच समजले जाई. 1948 मध्ये अमेरिकेतील डीट्रिक, व्हेडन व शॉर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार धडधाकट तरुणांना कमरेपासून पावलांपर्यंत प्लास्टरमध्ये सहा-सात आठवडे झोपवून ठेवले होते. त्यांच्या लघवीतून जाणारे कॅल्शियम सुमारे दुप्पट झाले. रोग कोणताच नव्हता. नुसते पडून राहिल्याने हाडे रिती होत होती.

मग भार किती हवा? 1984 मध्ये रुबिन व लॅनियन यांनी कोंबड्यांच्या पंखातील एका हाडाचे नेहमीचे काम बंद पाडून त्यावर यंत्राने दाब दिला. रोज 4 वेळा दाब दिला तर झीज थांबली, 36 वेळा दिला तर हाड वाढले. आम्हांला गंमत वाटते ती पुढची : 1800 वेळा दाबूनही अधिक लाभ झाला नाही! त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात असे आढळले, की दाब सतत एकसारखा ठेवला तर त्याचा काहीच उपयोग नाही. हाडाला थोडाच, पण जोरकस आणि बदलता भार लागतो.

कोंबड्याचे हे गणित उतारवयातील माणसाला लागू पडेल का? ठिसूळ हाडांवर जड वजन देणे धोक्याचे, असे डॉक्टरही मानत; आजीने हंडा उचलला की आपणही धावतोच. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातील वॉटसन, बेक व सहकाऱ्यांनी 101 स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांची पाळी थांबलेली, हाडांची घनता कमी. एका गटाने तज्ज्ञांच्या नजरेखाली, हळूहळू वाढवत नेलेली जड वजने उचलली व उड्या मारल्या. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनी पहिल्या गटात कमरेच्या मणक्यांची घनता 2.9 टक्के वाढली, दुसऱ्यात 1.2 टक्के घटली. इथे मोजली ती घनता. हाडे मोडण्याचे प्रमाण कमी झाले का, हे एवढ्या लहान प्रयोगातून ठरत नाही.

आणि जड व्यायामाच्या गटात इजा नोंदली गेली ती एकच : एका बाईंच्या कमरेत उसण भरली. त्यांची दोन सत्रे बुडाली.