कॅलिफोर्नियातील २००३ ची प्रत्यावाहन निवडणूक : १३५ उमेदवार आणि एक जुना नियम

प्रस्तावना

निवडून दिलेल्या प्रतिनिधीला मुदत संपण्यापूर्वी परत बोलावण्याचा अधिकार मतदारांना असावा, ही मागणी आपल्याकडे नवी नाही. जयप्रकाश नारायण यांनी १९७४ च्या आंदोलनात ती आग्रहाने मांडली होती. या अधिकाराचा प्रत्यक्ष वापर झाल्यावर काय घडते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ७ ऑक्टोबर २००३ रोजी झालेली निवडणूक उपयुक्त ठरते. मतपत्रिकेवरील १३५ उमेदवारांमुळे ती जगभर थट्टेचा विषय झाली. तथापि, तिचा निकाल या गर्दीने ठरविला नाही. तो मोजक्या व्यक्तींनी आणि १९११ च्या नियमाने ठरविला, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतील गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा नियुक्त पदाधिकारी नसून जनतेने थेट निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो. म्हणून येथे ‘गव्हर्नर’ हाच शब्द योजला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियाच्या राजकारणावर सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे वर्चस्व होते. त्याविरुद्ध सुधारणावाद्यांची चळवळ उभी राहिली आणि तिचे नेते हायरम जॉन्सन १९११ मध्ये गव्हर्नर झाले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला मतदारांनी जनोपक्रम, सार्वमत आणि प्रत्यावाहन हे तीन अधिकार राज्यघटनेत समाविष्ट केले. धनिकांच्या हातातील सत्तेवर सामान्य नागरिकाचा अंकुश राहावा, हा त्यामागील हेतू होता.

गव्हर्नरविरुद्ध प्रत्यावाहनासाठी मागील गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत झालेल्या मतदानाच्या १२ टक्के स्वाक्षऱ्या १६० दिवसांत गोळा कराव्या लागतात. २००३ पूर्वीचा एकही प्रयत्न मतपत्रिकेपर्यंत पोहोचू शकला नव्हता. संपूर्ण अमेरिकेत त्याआधी केवळ एक गव्हर्नर, नॉर्थ डकोटाचे लिन फ्रेझियर, १९२१ मध्ये अशा रीतीने पदच्युत झाले होते.

डेव्हिस आणि त्यांचे विरोधक

डेमोक्रॅटिक पक्षाचे ग्रे डेव्हिस १९९८ मध्ये प्रथम निवडून आले. २०००-०१ चे वीजसंकट, त्यानंतर आलेली सुमारे ३८ अब्ज डॉलरची अंदाजपत्रकीय तूट आणि वाहनकरातील वाढ यांमुळे त्यांच्याविरुद्ध असंतोष वाढत गेला. नोव्हेंबर २००२ मध्ये ते पुन्हा विजयी झाले. परंतु त्या वेळी मतदारांमध्ये उत्साह नव्हता व मतदान कमी झाले. त्यामुळे १२ टक्क्यांचा आकडाही खाली आला. आवश्यक स्वाक्षऱ्यांची संख्या ८,९७,१५८ एवढीच ठरली. अर्थात, डेव्हिस यांना विजयी करणाऱ्या निरुत्साही निवडणुकीनेच त्यांच्या पदच्युतीचा मार्ग सुकर केला.

विनंती-अर्जाची सुरुवात करविरोधी कार्यकर्ते टेड कोस्टा यांनी केली. केवळ स्वयंसेवकांच्या बळावर ती मोहीम मुदतीत पूर्ण होणे कठीण होते. तिला गती मिळाली ती रिपब्लिकन काँग्रेस-सदस्य डॅरेल इसा यांच्या पैशामुळे. मोटारींच्या चोरीरोधक यंत्रांच्या व्यवसायात धनवान झालेल्या इसा यांनी स्वतःचे १५ लाखांहून अधिक डॉलर ओतले आणि मोबदला देऊन स्वाक्षऱ्या गोळा करविल्या. धनशक्तीविरुद्ध घडविलेले शस्त्र धनशक्तीच्या साहाय्याने उपसले गेले, हा इतिहासातील विरोधाभास नोंद घेण्याजोगा आहे. २३ जुलै रोजी स्वाक्षऱ्या पुरेशा असल्याचे प्रमाणित झाले. स्वतः गव्हर्नर होऊ इच्छिणाऱ्या इसा यांनी मात्र ७ ऑगस्टला अश्रू ढाळत माघार घेतली. आदल्याच दिवशी अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी जे लेनो यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात उमेदवारी जाहीर केली होती.

गर्दीचे स्वरूप

उमेदवारीसाठी ३,५०० डॉलर शुल्क आणि ६५ स्वाक्षऱ्या एवढ्याच अटी होत्या. साहजिकच अभिनेता गॅरी कोलमन, प्रकाशक लॅरी फ्लिंट, स्तंभलेखिका एरियाना हफिंग्टन यांच्यापासून अनेक अपरिचित नागरिकांपर्यंत सर्वांना दार खुले झाले. नावांच्या क्रमाचा लाभ कोणालाही मिळू नये म्हणून वर्णाक्षरांची सोडत काढण्यात आली आणि तो क्रम ८० विधानसभा मतदारसंघांत फिरविण्यात आला.

एवढी समानता मतपत्रिकेवर होती, प्रचारात नव्हती. अर्ज दाखल करण्याची मुदत ९ ऑगस्टला संपली आणि मतदान अवघ्या ५९ दिवसांनी होते. इतक्या अल्पावधीत नवे नाव घरोघरी पोहोचविणे अशक्यप्राय होते. आधीच परिचित असलेला चेहरा पुढे जाणे स्वाभाविक होते. २४ सप्टेंबरच्या प्रमुख वादसभेत १३५ पैकी पाचच उमेदवार मंचावर होते : श्वार्झनेगर, उपगव्हर्नर क्रुझ बुस्टामँटे, राज्य सिनेटर टॉम मॅक्लिंटॉक, ग्रीन पक्षाचे पीटर कामेहो आणि हफिंग्टन. बुस्टामँटे यांची स्थिती विशेष अवघड होती. प्रत्यावाहनास नकार द्या, पण दुसऱ्या प्रश्नावर मला मत द्या, असे दुहेरी आवाहन त्यांना करावे लागले. मतदारांना ते पटवून देणे सोपे नव्हते.

निकाल आणि नियमातील विषमता

मतपत्रिकेवर दोन प्रश्न होते. पहिला, डेव्हिस यांना काढावे काय? दुसरा, काढल्यास त्यांच्या जागी कोण? पहिल्या प्रश्नावर ५५.४ टक्के मतदारांनी होकार दिला. दुसऱ्या प्रश्नावर श्वार्झनेगर यांना ४८.६, बुस्टामँटे यांना ३१.५ आणि मॅक्लिंटॉक यांना १३.४ टक्के मते मिळाली. उरलेल्या १३२ जणांच्या वाट्याला सात टक्केही मते आली नाहीत.

खरा प्रश्न पुढेच आहे. पदावरील व्यक्तीला टिकून राहण्यासाठी निम्म्या मतांचा पाठिंबा लागतो, तर उत्तराधिकाऱ्याला इतरांपेक्षा एक मत अधिक पुरते. शिवाय पदच्युत होणाऱ्याचे नाव दुसऱ्या यादीत असू शकत नाही. डेव्हिस यांना ठेवावे असे म्हणणारी मते ४०,०७,७८३ होती, तर श्वार्झनेगर यांची ४२,०६,२८४. हा फरक दोन लाखांच्याही आत आहे. मते अधिक विभागली गेली असती, तर काढलेल्या गव्हर्नरपेक्षा कमी मते मिळविणारा गव्हर्नर झाला असता, आणि तरीही नियमभंग झाला नसता.

समारोप

श्वार्झनेगर यांनी १७ नोव्हेंबर २००३ रोजी शपथ घेतली व २००६ मध्ये ते नियमित निवडणुकीतही विजयी झाले; त्यामुळे २००३ च्या कौलाच्या वैधतेची चर्चा मागे पडली. नियम मात्र कायम राहिला. सप्टेंबर २०२१ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांच्याविरुद्ध ४६ उमेदवार उभे होते. पहिल्या प्रश्नावर सुमारे ६२ टक्के नकार आल्यामुळे दुसरा प्रश्न निरर्थक ठरला, एवढेच.

यावरून प्रत्यावाहनाचा अधिकारच त्याज्य आहे, असे म्हणता येणार नाही. मतदारांनी २००३ मध्ये आपला असंतोष शांततेने व कायद्याच्या चौकटीत व्यक्त केला, हे मान्य करावे लागेल. परंतु अधिकार देणे आणि त्याची कार्यपद्धती न्याय्य ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्वाक्षऱ्या कोणाच्या पैशाने गोळा होतात, प्रचाराला किती अवधी मिळतो आणि उत्तराधिकाऱ्याला किती मते आवश्यक आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी दिल्याशिवाय परत बोलावण्याच्या अधिकाराची मागणी अपुरीच राहते. आपल्याकडील चर्चेत हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. म्हणून कॅलिफोर्नियाच्या अनुभवाचा अभ्यास अगत्याचा आहे.